मध्य जकार्तामध्ये राहणे आणि गुंतवणूक : कागदावर सही करण्याआधी काय माहीत हवे

इंडोनेशियात नोकरी, व्यापार किंवा शिक्षणासाठी जाणाऱ्या आपल्या मुलांची संख्या वाढते आहे. त्याबरोबर घराघरात एक प्रश्नही येतो: तिथे एखादा फ्लॅट किंवा दुकान घेऊन ठेवले तर? मुस्लिम देश आहे, लोक साधे आहेत, अजान कानावर पडते. पैसा लावायला काय हरकत आहे? या प्रश्नाचे उत्तर भावनेवर सोडू नये, असे आम्हाला वाटते. म्हणून राजधानी जकार्ताच्या मध्य भागाची माहिती इथे एकत्र देत आहोत.

हा भाग कोणता?

जकार्तात 'प्रशासकीय शहर' दर्जाचे पाच विभाग आहेत. त्यातला क्षेत्रफळाने सर्वात लहान म्हणजे मध्य जकार्ता. तिथले लोक त्याला 'जकार्ता पुसत' म्हणतात. क्षेत्रफळ साधारण 48 चौरस किलोमीटर, वस्ती दहा लाखांच्या आसपास. त्यात आठ तालुकेवजा भाग येतात: गंबीर, तानाह आबांग, मेंतेंग, सेनेन, चम्पाका पुतिह, जोहार बारू, कमायोरान आणि सावाह बसार. राष्ट्रपती भवन, मंत्रालये, राष्ट्रीय स्मारक 'मोनास' आणि इस्तिकलाल मशीद, सगळे इथेच.

2022 मध्ये राजधानी बोर्निओ बेटावरच्या 'नुसांतारा' या नव्या शहरात नेण्याचा कायदा झाला. 2024 मध्ये जकार्तासाठी वेगळा कायदाही झाला. त्यामुळे "राजधानी गेली की भाव पडणार" असे काही जण सांगतात, तर दलाल बरोबर उलटे सांगतात. खरी गोष्ट एवढीच की बाजार, बँका, रुग्णालये आणि रेल्वे यांचे जाळे जकार्तातच आहे. मंत्रालये हलली तरी ते एका रात्रीत उठून जाणारे नाही.

मोहल्ल्यांची ओळख

मेंतेंग हा डच काळात, 1910 नंतर बागांसकट आखलेला भाग. रुंद झाडीचे रस्ते, जुने बंगले, वकिलाती. बराक ओबामा लहानपणी इथल्याच शाळेत शिकले. इथली चुत मुतिया मशीद अवश्य पाहावी. ती मुळात डचांच्या बांधकाम कंपनीचे कार्यालय होती. इमारत किब्ल्याच्या दिशेत नसल्याने आत सफा तिरक्या लागतात. मेंतेंगमधले भाव मात्र सर्वसाधारण कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे आहेत.

तानाह आबांगचा बाजार 1735 सालचा. आज तो आग्नेय आशियातला सर्वात मोठा कापडबाजार मानला जातो. हिजाब, अबाया, नमाजाचे कपडे यांची घाऊक खरेदी करायला मलेशिया आणि आफ्रिकेतून व्यापारी येतात. 2003 मध्ये इथे मोठी आग लागली, त्यानंतर नव्या इमारती उभ्या राहिल्या.

सावाह बसारमधला पासार बारू हा 1820 पासूनचा बाजार. इथे सिंधी आणि पंजाबी व्यापाऱ्यांची कापड व खेळाच्या सामानाची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भारतीय मसाला, डाळ, पीठ लागले तर पहिली चक्कर इकडेच.

कमायोरान हे जुने विमानतळ होते. 1985 मध्ये ते बंद झाले आणि तिथे प्रदर्शन केंद्र व उंच इमारती आल्या. सेनेन, जोहार बारू आणि चम्पाका पुतिहमध्ये मध्यमवर्गीय व दाट वस्ती आहे. भाडे तुलनेने कमी, गल्ल्या अरुंद.

रोजचे जगणे

नवीन माणसाने सुरुवात 'कोस' पासून करावी. कोस म्हणजे महिन्याच्या भाड्याची खोली, आपल्याकडच्या पेइंग गेस्टसारखी. घर किंवा फ्लॅट भाड्याने घेताना मालक बहुतेक वेळा वर्षभराचे भाडे एकदम मागतात. ही रक्कम बजेटमध्ये आधीच धरा. फ्लॅटला दर महिन्याचा मेंटेनन्स वेगळा. वीज बऱ्याच ठिकाणी प्रीपेड असते, 'टोकन' भरले की मीटर चालतो. नळाचे पाणी पीत नाहीत, पाण्याचे मोठे कॅन विकत घ्यावे लागतात.

प्रत्येक गल्लीत 'आर-टे' आणि त्यावर 'आर-वे' अशी शेजाऱ्यांची अधिकृत रचना असते. नवा भाडेकरू आला की आर-टेच्या प्रमुखाकडे जाऊन नोंद करायची पद्धत आहे. हे टाळू नका. अडीअडचणीला पहिला धावून येणारा माणूस तोच.

प्रवासाची सोय चांगली आहे. 2019 मध्ये मेट्रो सुरू झाली, ती दक्षिणेकडच्या लबाक बुलुसपासून मध्य जकार्तातल्या बुंदारान हा-ई चौकापर्यंत येते. ट्रान्सजकार्ता बस 2004 पासून आहे. तानाह आबांग हे लोकलचे मोठे स्टेशन. दादरची गर्दी पाहिलेल्या माणसाला तिथे वेगळे काही वाटणार नाही.

दीनी जीवनाची अडचण नाही. इस्तिकलाल मशीद 1978 मध्ये खुली झाली. तिचा आराखडा फ्रेडरिक सिलाबान या ख्रिस्ती वास्तुविशारदाचा, आणि समोरच कॅथलिक चर्च. दोघांना जोडणारा भुयारी मार्गही आता आहे, त्याचे नावच 'सिलातुराहमी' म्हणजे आपले सिला-रहमी. इंडोनेशियात बहुसंख्य लोक शाफई मसलकाचे. त्यामुळे कोकणातल्या आपल्या कुटुंबांना फजरच्या कुनूतपासून सगळे घरच्यासारखे वाटते.

ओळखीचे शब्द, अनोळखी कायदा

इंडोनेशियन भाषेत 'खबर'ला 'काबार', 'दुनिया'ला 'दुनिया', 'खुर्ची'ला 'कुर्सी' आणि 'भाषे'ला 'बहासा' म्हणतात. वारस, हिबा, वक्फ हे शब्दही जवळपास तसेच. ऐकून बरे वाटते, पण इथेच माणूस फसतो. घरावर 'सेवा' असा शब्द दिसला तर समाजसेवा समजू नका. तिथे 'सेवा' म्हणजे भाडे!

जमिनीचे तसेच आहे. 1960 च्या जमीन कायद्यात हक्कांचे प्रकार आहेत. त्यातले तीन लक्षात ठेवा.

1. हक मिलिक : पूर्ण मालकी, आपल्या 'मिल्कियत'वरून अर्थ लागतो. व्यक्तींमध्ये हा हक्क फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळतो. परदेशी माणसाला नाही, तो मुसलमान असला तरी नाही.
2. हक गुना बांगुनान : ठरावीक मुदतीसाठी जमिनीवर इमारत बांधून वापरण्याचा हक्क. नागरिकांना आणि इंडोनेशियात नोंदलेल्या कंपन्यांना मिळतो.
3. हक पाकाई : वापराचा हक्क. परदेशी व्यक्तीला घरासाठी हाच मार्ग. 2021 च्या नियमांनुसार मुदत 30 वर्षे, पुढे 20 वर्षांची वाढ आणि नंतर 30 वर्षांचे नूतनीकरण, अशी एकूण 80 वर्षे.

फ्लॅटच्या बाबतीत परदेशी व्यक्तीला नियम थोडे सैल आहेत, पण व्हिसा किंवा वास्तव्याची वैध कागदपत्रे लागतात. शिवाय किमान किमतीची अट आहे. 2022 मध्ये ठरवलेली मर्यादा जकार्तासाठी फ्लॅटला 3 अब्ज रुपिया आणि स्वतंत्र घराला 5 अब्ज रुपिया. एका भारतीय रुपयाला साधारण 180 ते 190 रुपिया धरले तर फ्लॅट दीड कोटींच्या वर जातो. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे "20 लाखात जकार्तात फ्लॅटचे मालक व्हा" हे मेसेज परदेशी माणसासाठी कायद्यात बसत नाहीत.

वारसांचाही विचार करा. हा हक्क वारसाला मिळतो, पण वारस परदेशी असेल तर त्याच्याकडेही तिथली वैध कागदपत्रे हवीत. नसतील तर एका वर्षात मालमत्ता दुसऱ्याला द्यावी किंवा विकावी लागते.

दुसऱ्याच्या नावावर घेणे : सर्वात मोठा धोका

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ती गोष्ट. "घर माझ्या नावावर घेऊ, पैसे तुमचे, मी तुमचा भाऊच आहे," असा प्रस्ताव हमखास येतो. आमच्या ओळखीचे एक कुटुंब निवृत्तीचे पैसे असेच पाठवायच्या बेतात होते. समोरचा माणूस नमाजी होता, प्रामाणिकही असेल. पण 1960 च्या कायद्याचे 26 वे कलम स्पष्ट सांगते की परदेशी व्यक्तीकडे सरळ किंवा आडमार्गाने पूर्ण मालकी नेणारा व्यवहार रद्दबातल, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. म्हणजे भाऊ इमानदार निघाला तरी पैसा धोक्यात. तो वारला तर घर त्याच्या बायकामुलांचे. सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून, साक्षीदार ठेवून करायला सांगितले आहे. मग जो व्यवहार खरा लिहिताच येत नाही, त्यात आयुष्याची कमाई का घालायची?

इंडोनेशियन मुलीशी किंवा मुलाशी निकाह झाला असेल तरी सावध राहा. मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार नसेल तर त्या जोडीदाराचाही पूर्ण मालकीचा हक्क अडचणीत येतो. हा करार निकाहानंतरही करता येतो, असा निकाल तिथल्या घटना न्यायालयाने 2016 मध्ये दिला.

दुकान आणि धंदा

परदेशी माणसाला कंपनी काढता येते. पण एकूण गुंतवणुकीचा आराखडा जमीन-इमारत सोडून 10 अब्ज रुपियांच्या वर लागतो, म्हणजे पाच कोटींहून जास्त. टुरिस्ट व्हिसावर गल्ल्यावर बसणे बेकायदा आहे. बाजारातला गाळाही बऱ्याचदा मालकीचा नसतो, ठरावीक वर्षांच्या वापराचा असतो. किती वर्षे उरली ते आधी विचारा. तानाह आबांगसारख्या बाजारालाही ऑनलाइन विक्रीचा फटका बसला. ओरड एवढी झाली की सप्टेंबर 2023 मध्ये सरकारने सोशल मीडिया अ‍ॅपवरून थेट विक्रीला बंदी घातली. "गर्दीचा बाजार म्हणजे पक्के भाडे" हे गणित आता धरून चालत नाही.

पाणी आणि पूर

जानेवारी 2013 मध्ये कालव्याचा बांध फुटून मध्य जकार्ताचे मुख्य रस्ते पाण्याखाली गेले. 1 जानेवारी 2020 लाही शहराला मोठ्या पुराने गाठले. घर पाहताना दलालाला नव्हे, समोरच्या चहावाल्याला विचारा: 'बांजिर' म्हणजे पूर आला तेव्हा पाणी कुठपर्यंत होते? शक्य असेल तर पावसात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत जाऊन बघा.

खर्च आणि भारतातले नियम

खरेदीदाराला साधारण 5 टक्के हस्तांतरण कर लागतो, विकणाऱ्याला अडीच टक्के. बिल्डरकडून नवे घर घेतले तर मूल्यवर्धित कर वेगळा. खरेदीखत 'पे-पे-आ-ते' या नेमलेल्या अधिकाऱ्यासमोरच होते. त्याआधी जमीन कार्यालयात मूळ प्रमाणपत्र तपासून घ्या. 'गिरिक' नावाचा जुना कागद कोणी दाखवला तर तो मालकीचे प्रमाणपत्र नाही, हे लक्षात ठेवा.

भारतात राहणाऱ्याला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बँकेमार्फत बाहेर पाठवता येते. गुंतवणुकीसाठी 10 लाखांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के कर आधी कापते, तो रिटर्नमध्ये वळता होतो. परदेशातली मालमत्ता रिटर्नमध्ये दाखवणे बंधनकारक. लपवली तर 10 लाखांचा दंड होऊ शकतो. हवालाच्या वाटेला तर जाऊच नका.

आमचा सल्ला

आधी एक वर्ष भाड्याने राहा. एक पावसाळा, एक रमजान तिथे काढा. थोडी भाषा शिका. मग आपल्या खर्चाने, आपण निवडलेला वकील घ्या. विकणाऱ्याने सुचवलेला नको. आणि कागदावर स्वतःचे नाव कायदेशीररीत्या येत नसेल तर सरळ नाही म्हणा. इंडोनेशियातले लोक प्रेमळ आहेत, यात शंका नाही. त्यांच्याशी नाते जोडायला घराची मालकी लागत नाही. त्यांच्याच शब्दात सांगायचे तर 'सेवा'वर राहूनही सिला-रहमी करता येते. कष्टाचा पैसा मात्र डोळे उघडे ठेवूनच लावावा.