राज्य गेल्यानंतरची घडी

इतिहासाच्या वर्गांत पेशवाईचें प्रकरण बहुधा १८१८ सालाशीं संपतें. खडकी, शनिवारवाड्यावरील निशाण, कोरेगांव, आष्टी आणि शेवटीं बाजीरावाची सालीना आठ लक्षांची नेमणूक, एवढें सांगून झालें कीं शिक्षक पुस्तक मिटतो. आम्हींही पुष्कळ वर्षें तसेंच केलें. पण राज्य बुडालें म्हणून रयत बुडत नाहीं. तिला मृग लागतांच पेरणी करावयाची असते. आणि कालपर्यंत घोड्यावर बसून पोट भरणाऱ्या शिलेदारास आज काय खावें हा प्रश्न पडलेला असतो. त्या दुसऱ्या दिवसाचा विचार येथें करावयाचा आहे.

फेब्रुवारी १८१८ मध्यें साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हातीं आला आणि लगेच, ११ तारखेस, एल्फिन्स्टननें आपला जाहीरनामा काढला. बाजीराव अद्याप फौजेनिशीं फिरत होता. तो जूनपर्यंत स्वाधीन झाला नाहीं. म्हणजे युद्ध संपण्यापूर्वींच घडी बसविण्यास आरंभ झाला होता. बाजीरावाचें राज्य गेलें, साताऱ्याभोंवतींचा मुलूख छत्रपतींस मिळेल व बाकीचा कंपनीकडे राहील, हें तर त्यांत होतेंच. पण लोकांच्या दृष्टीनें खरें महत्त्वाचें कलम दुसरें होतें. चालत आलेलीं वतनें, इनामें, वर्षासनें व देवस्थानांचे खर्च पुढें चालतील आणि मामलती मक्त्यानें देण्याची चाल बंद होईल. उत्तर पेशवाईंत मामलत चढत्या बोलीनें विकली जात असे, व बोली करणारा ती रक्कम रयतेच्या कातड्यांतून काढीत असे. त्यामुळें एका ओळीनें अर्धा देश शांत झाला असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

एल्फिन्स्टन १८११ पासून पुण्यास रेसिडेंट होता. येथील माणसें त्यास ठाऊक होतीं. बंगालचे कायदे उचलून दक्षिणेंत आणूं नयेत, जुनी वहिवाट शक्य तोंवर चालवावी, असा त्याचा कटाक्ष असे. दक्षिणा सर्वस्वी बंद पडली नाहीं. १८२१ मध्यें तिच्याच पैशांतून पुण्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. मात्र या सौम्यपणाचें वर्णन करतांना दुसरी बाजू झांकूं नये. युरोपियनांना मारण्याचा कट उघडकीस येतांच याच एल्फिन्स्टननें त्यांतील प्रमुखांस तोफेच्या तोंडीं दिलें.

शस्त्रावर जगणाऱ्यांचा प्रश्न सर्वांत बिकट होता. मालेगांवच्या अरबांस वेढा घालून जिंकावें लागलें. खानदेशांतील भिल्लांस ब्रिग्जनें जागल्यांचे जुने हक्क व नेमणुका देऊन वश करण्याचा यत्न केला. तरी १८२५ मध्यें औट्रामनें भिल्लांचीच पलटण उभारीपर्यंत तेथें स्वस्थता आली नाहीं. ज्याच्या हातांत तिरकमठा होता त्याच्याच हातांत बंदूक व पगार देणें हा उपाय उशिरां सुचला, पण तो लागू पडला. रामोश्यांच्या बाबतींत तेवढेंही शहाणपण वेळेवर दाखविलें गेलें नाहीं. किल्ल्यांच्या शिबंद्या मोडल्या, त्यांची चाकरी गेली, आणि उमाजी नाइकाचें बंड १८२६ पासून वर्षानुवर्षें चाललें. १८३२ मध्यें पुण्यास त्याला फांशी दिलें.

यापेक्षां विलक्षण गोष्ट आहे ती धान्याच्या भावाची. शांतता झाली म्हणजे शेतकरी सुखी होणार, असें कोणासही वाटेल. पण मराठ्यांच्या फौजा हेंच दक्षिणेंतील ज्वारी-बाजरीचें मोठें गिऱ्हाईक होतें. फौजा मोडल्या, गिऱ्हाईक गेलें, भाव घसरले. सारा मात्र जुन्या चढ्या आंकड्यांच्या अनुरोधानें ठरलेला. त्यावर प्रिंगलनें निव्वळ उत्पन्नाचे शेंकडा ५५ सरकारचे, असें गणित मांडलें. कागदावर तें अगदीं शास्त्रशुद्ध होतें. इंदापूर तालुक्यांत शेतें ओस पडूं लागलीं, तेव्हां १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांना नवी मोजणी करून दर उतरवावे लागले. शांततेनेंच कुणबी नागवला, हें आम्हांस प्रथम वाचतांना खरें वाटलें नव्हतें.

पंचायतीचीही तीच गत झाली. ती ठेवावी अशी एल्फिन्स्टनची मनापासून इच्छा होती. परंतु पंचांस बसविणारा व निकाल बजावणारा पाटील-मामलेदारांचा जुना दरारा गेला होता, आणि शेजारीं अदालत उघडी होती. खटला हरण्याची भीति वाटणारा मनुष्य पंचांपुढें कशाला येईल? संस्थेचा सांगाडा राहिला, तिला हलविणारें बळ गेलें.

तरीही त्या दहा वर्षांस आम्ही दोष देण्यास धजत नाहीं. लूट थांबली, रस्ते चालूं लागले, आणि हें सर्व मुख्यतः एका माणसाच्या शब्दाच्या आधारावर झालें. पण शब्द देणारा १८२७ मध्यें मुंबईची गव्हर्नरी सोडून गेला. प्रतापसिंह १८३९ मध्यें पदच्युत झाला आणि १८४८ मध्यें साताऱ्याचें राज्यच खालसा झालें. पुढें १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि ज्या इनामदारांच्या आजांनीं जाहीरनाम्यावर विसंबून तलवार खुंटीला लावली होती, त्यांना आतां सनद दाखवा म्हणून विचारूं लागले. ज्यांना कागद सांपडला नाहीं, त्यांचीं इनामें गेलीं.