कोचीन बंदराची घडण आणि निगा

नद्या बंदरें देतात आणि नद्याच तीं हिरावूनही घेतात. पश्चिम किनाऱ्याचा इतिहास या एका वाक्यांत सांगतां येईल. शूर्पारक, चौल, राजापूर हीं एके काळीं देशोदेशींच्या जहाजांनीं गजबजलेलीं ठिकाणें. आज तेथील खाड्यांतून मोठें गलबत नेणेंही कठीण. शत्रूनें त्यांचा नाश केला त्याहून अधिक गाळानें केला. अशा किनाऱ्यावर एका लहानशा शहरानें गाळाशीं झुंज मांडली आणि ती शंभर वर्षें चालू ठेविली. तें शहर म्हणजे कोचीन, आजचें कोची.

कोचीनचा जन्मही नदीच्याच लहरीनें झाला. रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलें मुझिरिस हें बंदर पेरियार नदीच्या मुखाशीं, कोडुंगल्लूरच्या परिसरांत होतें. इ. स. १३४१ मध्यें पेरियारला महापूर आला, जुनें मुख गाळानें भरलें आणि दक्षिणेस कोचीनपाशीं समुद्राची वाट रुंदावली, असें परंपरा सांगते. व्यापार त्या नव्या वाटेनें वळला. पोर्तुगीजांनीं १५०३ मध्यें येथें किल्ला उभारला. १६६३ मध्यें डचांनीं तो जिंकला आणि १७९५ मध्यें तो इंग्रजांच्या हातीं गेला. धनी बदलले, पण मिरीचा व्यापार चालूच राहिला.

या बंदराचें सामर्थ्य आणि त्याचें वैगुण्य, दोन्ही त्याच्या रचनेंतच होतीं. आंत वेंबनाडचें विस्तीर्ण खारें सरोवर. त्याला अनेक नद्या येऊन मिळतात. फोर्ट कोचीन आणि वायपीन बेट यांच्यामधील अरुंद मुखांतून त्या साऱ्या पाण्याची समुद्राशीं देवघेव चालते. भरतीओहोटीच्या या येरझारीनें मुख खोल राहतें. परंतु बाहेर पडतांच पाण्याचा वेग मंदावतो आणि वाहून आणलेली वाळू व चिखल तेथेंच बसतो. त्यामुळें बंदराच्या दारासमोर वाळूचा एक उंबरठा तयार झाला होता. त्यावर पाणी अवघें आठदहा फूट. मुंबईस भरतीओहोटींतील फरक मोठ्या उधाणांत चार-पांच मीटरपर्यंत जातो, म्हणून तेथें जहाजाला भरतीची वाट पाहून आंत येतां येई. कोचीनला हा फरक जेमतेम एक मीटर. तेथें वाट पाहून उपयोग नव्हता. मोठ्या आगबोटी बाहेर उघड्या समुद्रांत नांगर टाकीत आणि काथ्या, खोबरेल, मिरी, चहा हा माल पडावांतून त्यांच्याकडे न्यावा लागे. पावसाळ्यांत तेंही दुर्घट होई. घरांत प्रशस्त दिवाणखाना, पण दार मात्र बंद, अशी ही अवस्था होती.

दार उघडावें ही मागणी जुनी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील व्यापाऱ्यांनीं ती वारंवार केली. अडचण दुहेरी होती. पहिली राजकीय. फोर्ट कोचीन हा लहानसा मुलूख मद्रास इलाख्यांत, भोंवतालचें मट्टांचेरी व एर्नाकुलम कोचीन संस्थानांत आणि सरोवराचा बराच दक्षिण भाग त्रावणकोर संस्थानांत. खर्च कोणीं करावा आणि जकातीचें उत्पन्न कोणीं घ्यावें? १८६५ मध्यें तिघांत व्यापार व जकात यांविषयीं करार झाला होता. परंतु मोठें बंदर बांधावयाचें तर तेवढ्यानें भागण्यासारखें नव्हतें. हिंदुस्थान सरकार, मद्रास सरकार, कोचीन आणि त्रावणकोर या चौघांचा करार होण्यास १९२५ साल उजाडलें. बंदराच्या योजनेंत दगडमातीच्या आधीं माणसांचीं मनें एका पातळीवर आणावीं लागतात, हें येथें स्पष्ट दिसतें.

दुसरी अडचण निसर्गाची होती, आणि ती अधिक गंभीर होती. वाळूचा उंबरठा कापला तर समुद्राच्या लाटा थेट वायपीनच्या किनाऱ्यावर आदळतील व तो धुऊन जाईल, अशी भीति जाणत्यांना वाटत होती. शिवाय कापलेली वाट पहिल्याच पावसाळ्यांत पुन्हां भरून गेली तर सारा पैसा पाण्यांत जाणार होता. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या कारकीर्दींत, १९२० मध्यें, रॉबर्ट ब्रिस्टो हे इंजिनियर कोचीनला आले. त्यांनीं एकदम खोदाई आरंभिली नाहीं. वारे, प्रवाह, लाटा आणि वाळूची हालचाल यांचें निरीक्षण केलें. किनाऱ्याच्या रक्षणासाठीं दगडी बांध घालून पाहिले. प्रथम प्रयोगादाखल थोडी वाट कापून ती टिकते कीं नाहीं याची परीक्षा घेतली. एका टप्प्याचें फळ हातीं आल्यावरच पुढील टप्पा, असा हा क्रम होता. बंदरशास्त्रांत घाई ही सर्वांत महाग पडणारी वस्तु आहे.

१९२६ मध्यें ‘लॉर्ड विलिंग्डन’ नांवाचें गाळ शोषून घेणारें मोठें जहाज दाखल झालें आणि मुख्य काम सुरू झालें. रात्रंदिवस चाललेल्या या कामानें सुमारें साडेचारशें फूट रुंद व तीन मैलांहून अधिक लांब अशी खोल वाट समुद्रांत आंखली गेली. २६ मे १९२८ रोजीं ‘पद्मा’ ही आगबोट मुंबईहून येऊन त्या वाटेनें आंतील बंदरांत शिरली.

उपसलेल्या मातीचें काय करावें, या प्रश्नास ब्रिस्टो यांनीं दिलेलें उत्तर या योजनेचें मर्म होय. ती माती दूर समुद्रांत न टाकतां नळांवाटे सरोवरांतील उथळ जागीं सोडण्यांत आली आणि तिच्यांतून सुमारें ७८० एकरांचें नवें बेट निर्माण झालें. त्यास विलिंग्डन बेट हें नांव मिळालें. एका बाजूस मट्टांचेरीची व दुसऱ्या बाजूस एर्नाकुलमची खाडी, मध्यें धक्के, गोदामें, कचेऱ्या, आणि मुख्य भूमीशीं जोडणारे रेल्वेचे व रस्त्याचे पूल. जी माती बंदराची वैरीण होती, तीच त्याची भूमि झाली. १९३६ मध्यें कोचीनला मोठ्या बंदराचा दर्जा मिळाला. १९४१ मध्यें ब्रिस्टो कोचीन सोडून गेले. या कार्याची हकीगत त्यांनीं पुढें ‘कोचीन सागा’ या पुस्तकांत लिहून ठेविली.

येथवरची कथा सर्वत्र कौतुकानें सांगितली जाते. खरें अवघड प्रकरण त्यानंतर सुरू होतें. रस्ता बांधला म्हणजे तो कांहीं वर्षें तरी टिकतो. समुद्रांत कापलेली वाट मात्र दुसऱ्या दिवसापासून भरूं लागते. पावसाळ्यांत नद्यांचें गोडें पाणी वरून समुद्राकडे धांवतें, तर जड खारें पाणी तळाशीं आंत सरकतें आणि समुद्राकडील चिखलही बरोबर आणतें. नदींतील बारीक मातीचे कण खाऱ्या पाण्यास भेटतांच एकमेकांस चिकटून जड होतात व तळाशीं बसतात. म्हणून दरवर्षीं खोली मोजावी लागते, नकाशे सुधारावे लागतात, बोये जागच्या जागीं आहेत कीं नाहींत तें पाहावें लागतें आणि गाळ पुन्हां उपसावा लागतो. या खर्चास कोनशिला नसते, त्याचा उद्घाटनसमारंभ होत नाहीं. पण तो एक वर्ष चुकला तर मोठें जहाज दुसरें बंदर शोधूं लागतें.

निगा केवळ पाण्याची नसते. धक्क्यावर काम देतांना मुकादम धातूचे बिल्ले मजुरांच्या गर्दींत फेकीत व ज्याच्या हातीं बिल्ला येईल त्यासच त्या दिवसाची मजुरी मिळे. या ‘चाप्पा’ पद्धतीविरुद्ध मट्टांचेरीच्या कामगारांनीं लढा दिला. सप्टेंबर १९५३ मध्यें तेथें गोळीबार होऊन कामगार मृत्युमुखी पडले. पुढें ही पद्धत नाहींशी झाली. वाट खोल असून धक्क्यावर न्याय उथळ असेल, तर तें बंदर सुस्थितींत आहे असें म्हणतां येणार नाहीं.

बंदराची सीमाही त्याच्या कुंपणाशीं संपत नाहीं. सरोवरांत जितकें अधिक पाणी भरतीओहोटीला येजा करील, तितकें मुख आपोआप धुतलें जातें. परंतु भातशेतीसाठीं सरोवराचा मोठा भाग शतकभर भरून काढण्यांत आला. १९७० नंतरच्या दशकांत तण्णीरमुक्कम येथें खारें पाणी अडविणारा बांध झाला. शेतकऱ्याचा लाभ खोटा नव्हता. पण सरोवर आकसलें कीं मुख धुणारें पाणीही कमी होतें, आणि तें काम मग यंत्रास करावें लागतें. बंदराच्या दक्षिणेस चेल्लानम येथील कोळ्यांच्या वस्तीची समुद्रानें मोठी धूप केली. २०१७ च्या ‘ओखी’ व २०२१ च्या ‘तौक्ते’ वादळांत तेथें घरोघरीं पाणी शिरलें आणि पुढें सिमेंटच्या चौपायी ठोकळ्यांची भिंत उभारावी लागली. वाहत्या वाळूला खोल वाट आडवी आली म्हणून किनारा उपाशी राहिला, असें तेथील लोक म्हणतात. ब्रिस्टो यांनीं वायपीनविषयीं आधीं विचारलेला प्रश्न प्रत्येक पिढीस नव्यानें विचारावा लागतो, तो असा.

१९६४ मध्यें बंदराचा कारभार विश्वस्त मंडळाकडे आला. २०११ मध्यें वल्लारपाडम येथें पेटाऱ्यांच्या जहाजांसाठीं नवें स्थानक सुरू झालें आणि त्यासाठीं वाट साडेचौदा मीटर खोल करण्यांत आली. वाट जितकी खोल, तितका गाळ अधिक आणि वार्षिक भारही अधिक. खोलीचा प्रत्येक वाढीव फूट हें पुढील पिढ्यांवर लादलेलें कायमचें देणें असतें; तें फेडण्याइतका व्यापार येणार आहे काय, याचा हिशेब खोदाईच्या आधींच व्हावयास हवा.

१३४१ च्या पुरानें कोचीनला जें एका ऋतूंत दिलें, तें राखण्यासाठीं माणसास दरवर्षीं झटावें लागत आहे. मुझिरिसच्या लोकांपाशीं हें साधन नव्हतें. त्यांचें बंदर गेलें. कोचीनपाशीं तें आहे, आणि जोंवर तेथील लोक गाळाचा हिशेब दरसाल चुकता करतील, तोंवर तें दार उघडें राहील.