चुलीवांचूनचें गोड

पक्वान्न या शब्दाचा मूळ अर्थ शिजविलेलें अन्न. अग्नीचा संस्कार झाल्यावांचून अन्नाला सणाची प्रतिष्ठा नाहीं, अशीच जणूं या शब्दाची समजूत दिसते. परंतु या शब्दाला न जुमानणारें गोडाचें एक निराळें घराणें महाराष्ट्रांत फार दिवसांपासून नांदत आलें आहे. पाहुणे अवचित दारीं यावे, सण उद्यांवर यावा, आणि घरांतल्या बाईच्या हातीं वेळ नसावा. अशा प्रसंगीं ज्यानें घराची लाज राखली तें हें घराणें होय. चिंचवडपासून चाकणपर्यंतचा टापू आज कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु चुलीवांचूनच्या गोडाचा इतिहास पाहावयाचा झाल्यास याच टापूंत त्याचे सर्व टप्पे सांपडतात.

प्रथम चिंचवडच घ्यावें. हें मोरया गोसाव्यांचें गांव. पवनेच्या कांठीं त्यांचें समाधिमंदिर असून भाद्रपदांत व माघांत येथून मोरगांवास पालखी जाते. गणपतीचा मान मोदकाला. पण उकडीचा मोदक वाफेवांचून होत नाहीं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चांगला राहत नाहीं. म्हणून घरोघर रोजच्या आरतीनंतर हातावर पडते ती खिरापत, म्हणजे पंचखाद्य. खोबरें, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस, असे ‘ख’ नें आरंभ होणारे हे पांच जिन्नस. खोबरें आणि खसखस कढईंत थोडीं भाजून घेतात, एवढाच काय तो अग्नीशीं संबंध. एकदां डबा भरून ठेवला कीं आरतीला दहा माणसें येवोत वा चाळीस, यजमानीण निश्चिंत. रामनवमीचा व गोकुळाष्टमीचा सुंठवडा याच कुळांतला. जन्माची घटका भर दुपारीं किंवा मध्यरात्रीं येते. त्या वेळीं चुलीपाशीं कोणास थांबावें लागूं नये, ही सोय त्यांत आहे.

तेथून थोड्या अंतरावर देहू आणि आळंदी. या दोन क्षेत्रांच्या संप्रदायांत सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनानें होते. पोहे, लाह्या, दहीं असे जिन्नस एकत्र कालवितात आणि तो काला सर्वांना वांटतात. त्याला पक्वान्न म्हणणें कठीण. पण या विषयाचें मर्म त्यांतच आहे. गोपाळांनीं आपआपल्या शिदोऱ्या सोडून एकत्र केल्या, ही त्यामागील कथा. जेथें प्रत्येकानें कांहीं आणलें आणि सर्वांनीं मिळून कालविलें, तेथें रांधणारा आणि जेवणारा हा भेदच उरला नाहीं. चूल नसल्यामुळें चुलीपाशीं अडकून पडणारेंही कोणी नाहीं.

या घराण्याचा राजा मात्र श्रीखंड. त्याची वंशावळ जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत, म्हणजे सन ११३० च्या सुमारास, दह्यापासून होणाऱ्या शिखरिणीचें वर्णन आलें आहे. भीमसेनानें ती प्रथम केली आणि श्रीकृष्णानें ती चाखली, अशी आख्यायिका वैद्यकग्रंथांतून आढळते. गृहिणीच्या नेहमींच्या उपयोगाचें शिकरणही नांवावरून याच कुळाचें वाटतें. केळीं कुसकरून दुधांत घातलीं व साखर टाकली, कीं अर्ध्या घटकेच्या आंत पान गोड होतें.

श्रीखंड झटपट होतें असें म्हणतात, तें अर्धेंच खरें. आदल्या रात्रीं विरजलेलें दहीं फडक्यांत बांधून खुंटीला टांगावें लागतें. रात्रभर त्यांतील पाणी ठिबकत राहतें आणि सकाळीं निम्म्याहून कमी वजनाचा चक्का हातीं येतो. मग त्यांत साखर मुरवून तें पुरणयंत्रांतून काढावयाचें व केशर-वेलदोडा घालावयाचा, एवढेंच काम उरतें. म्हणजे येथें वेळ लागत नाहीं असें नाहीं. तो आधींच बाजूला काढून ठेवलेला असतो. घरचीं माणसें झोंपलेलीं असतां खुंटीवरचें गाठोडें काम करीत असतें.

या गाठोड्याची खरी परीक्षा पुढें झाली. सन १९५४ मध्यें पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. सन १९६२ त महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, १९६६ त टेल्को आली, आणि १९८२ त पिंपरी-चिंचवडला महानगरपालिका झाली. पुढें चाकणही मोटारींच्या कारखान्यांनीं भरून गेलें. गांवें गेलीं आणि पाळ्या आल्या. जें घर तीन पाळ्यांच्या भोंग्यावर चालतें, त्या घरांत दोन तास कढई ढवळीत बसण्यास उसंत कोणाला? खंडेनवमीला कारखान्यांत यंत्रांची पूजा होते, आणि दुसऱ्या दिवशीं दसऱ्याला घरीं श्रीखंड लागतें. आतां तें बहुधा डब्यांतून येतें.

डब्यांतील श्रीखंडामागेंही एक यंत्र आहे. स्वीडनच्या गुस्टाफ द लाव्हलनें सन १८७८ मध्यें दुधांतून साय वेगळी करणारें फिरतें यंत्र बनविलें. वेगानें फिरविलें असतां जड आणि हलका अंश आपोआप दूर होतात, हें त्याचें तत्त्व. याच तत्त्वावर पुढें दह्यांतील पाणी काढणारीं यंत्रें निघालीं, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बडोद्याच्या सुगम डेअरीनें त्यांच्या साह्यानें श्रीखंड मोठ्या प्रमाणावर करून दाखविलें. खुंटीवर रात्रभर होणारें काम अल्पावधींत होऊं लागलें. द लाव्हलच्या नांवानें चालणाऱ्या आल्फा लाव्हल कंपनीचा कारखाना याच टापूंत, दापोडीस आहे, हाही एक योगायोगच.

येथें एक प्रश्न उरतो. फडक्यानें एक रात्र वांचविली, यंत्रानें तीही वांचविली. हा वांचलेला वेळ कोणाच्या पदरांत पडला? सणाच्या दिवशीं सारें घर बैठकींत हंसत असतां एक बाई धुरांत उभी असेल, तर तो सण तिचा नव्हे. डबा विकत आणला आणि पुऱ्या मात्र तिनेंच एकटीनें तळल्या, तर यंत्राचें श्रेय फुकट गेलें. सोय ही वस्तूंत नसते, वांटणींत असते. देहू-आळंदीच्या काल्यानें हें फार पूर्वींच दाखविलें आहे. पुढील सणाला श्रीखंड घरचें असो वा बाजारचें. तें घोटावयास, पानें मांडावयास आणि खरकटें काढावयास सर्वांचे हात लागले, तर त्या घरांत काला झाला असेंच म्हणावें.