ज्या द्राक्षाला एकच गिऱ्हाईक

सोलापूरहून दक्षिणेकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात होटगी जंक्शनात शिरते. इथं रुळांना फाटा फुटतो. एक वाट वाडीमार्गे हैदराबाद-चेन्नईकडे जाते, दुसरी विजापूर-गदगकडे. ही दुसरी वाट १८८४ साली सुरू झाली. त्याआधी काही वर्षं, १८७६ ते ७८ मध्ये, दख्खनच्या या पट्ट्यानं भयंकर दुष्काळ सोसला होता. अशा कोरड्या मुलखात धान्य लवकर पोचावं, हा त्या काळच्या रेल्वे बांधण्यामागचा एक मोठा हेतू होता. त्याच कोरड्या हवेत पुढं द्राक्ष रुजलं, हा इतिहासाचा गमतीचा भाग. आज होटगीच्या फाट्यावरून उत्तरेला सोलापूर-बार्शीकडं जा किंवा दक्षिणेला विजापूरकडं, मांडवावर चढलेले वेल दिसतात.

म्हणून बाहेरून येणारा पाहुणा हमखास विचारतो, एवढं द्राक्ष पिकतं, मग तुमच्याकडं वाइनचे कारखाने का नाहीत? प्रश्न साधा आहे. उत्तरासाठी मात्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास चाळावा लागतो.

आधी एक समज दूर करू. बाजारात आपण किलोनं घेतो त्या द्राक्षाची चांगली वाइन होत नाही, आणि वाइनचं द्राक्ष बाजारात कोणी घेत नाही. आपल्याकडं पिकतं ते प्रामुख्यानं थॉमसन सीडलेस आणि त्याची भावंडं. त्यातलं 'सोनाका' तर आपल्याच नान्नजच्या नानासाहेब काळे यांच्या बागेतलं. 'शरद सीडलेस' हे काळं वाणही त्यांचंच. मणी मोठा, बिनबियांचा, पातळ सालीचा. कॅबर्ने सोव्हिन्यों, शिराज, शेनिन ब्लां ही वाइनची वाणं याच्या बरोबर उलट. मणी बारीक, साल जाड, आत बिया.

हा फरक नुसता चवीचा नाही, व्यवहाराचा आहे. थॉमसनचा माल निर्यातीत बसला नाही तर तो मुंबईच्या किंवा हैदराबादच्या बाजारात जातो. तिथं भाव पडला तर शेडवर टाकून बेदाणा करता येतो. बेदाणा शीतगृहात ठेवून तासगावच्या किंवा पंढरपूरच्या सौद्यात सवडीनं विकता येतो. म्हणजे शेतकऱ्याला तीन दारं. वाइनच्या द्राक्षाला दार एकच, वायनरीचं. बी असलेल्या बारीक मण्याचा बेदाणा कोण घेणार? शिवाय साखर भरली की तोडणी थांबवता येत नाही. वायनरीनं 'आठ दिवस थांबा' म्हटलं तर नुकसान वेलावर सुरू होतं.

तरीही महाराष्ट्रात वाइनचं द्राक्ष लागलं, आणि मोठ्या उमेदीनं लागलं. सुरुवात १९८०च्या दशकात नारायणगावला झाली. शामराव चौगुले यांच्या 'इंडाज'नं फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फेसाळती वाइन केली आणि ती 'ओमर खय्याम' या नावानं परदेशात विकली. पुढं राजीव सामंत यांनी नाशिकजवळ १९९७ मध्ये वाइनची द्राक्षं लावली आणि २००० साली 'सुला'च्या बाटल्या बाजारात आल्या. त्यानंतर २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं. अबकारी करात सवलत, परवान्यात सुटसुटीतपणा, आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस इथं वाइन पार्क. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली चालणाऱ्या राज्यात हा बदल लहान नव्हता. परदेशी वाइनवर केंद्राचं जबर आयात शुल्क होतंच, त्यामुळं घरच्या उद्योगाला आडोसाही मिळाला.

मग काय, जो तो वायनरी काढू लागला. द्राक्ष बागायतदारांनी एकत्र येऊन टाक्या उभारल्या, कर्जं उचलली. इथंच धोरणातली खरी फट होती, असं माझं मत आहे. वाइन करणं त्या मानानं सोपं. किलोभर द्राक्षातून सहाशे-सातशे मिलिलिटर निघते, म्हणजे एका बाटलीला किलोपेक्षा थोडं जास्त द्राक्ष. अवघड आहे ती विकणं. प्रत्येक राज्याचा अबकारी कर वेगळा, लेबलची नोंदणी वेगळी, तिची फी वेगळी. ज्याचं नाव दिल्ली-बंगळुरूच्या हॉटेलात कोणाला माहीत नाही, त्यानं बाटली भरून करायचं काय? अशा लहान वायनऱ्यांनी मग टाकीतली वाइन टाकीतच मोठ्या कंपन्यांना घाऊक विकायचा रस्ता धरला. बाटली नाही, लेबल नाही, लिटरचा भाव.

घाऊक वाइनचा व्यापार आपल्याला नवा वाटतो, पण दख्खनला तो जुनाच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरात इटलीची वाइन उतरत असल्याची नोंद आहे. त्याच ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, इथून भडोचला गाड्यांनी माल जात असल्याचंही लिहिलं आहे. तेव्हाची वाइन मातीच्या उंच सुरयांतून यायची. फरक एवढाच, की तेव्हाचा दख्खन घेणारा होता आणि आता विकू पाहत होता.

टाकीतल्या वाइनची अडचण अशी की ती वाट पाहत नाही. पांढरी वाइन ताजेपणावर विकली जाते. ती स्टीलच्या टाकीत थंड ठेवावी लागते आणि विजेचं बिल दरमहा येतं. पुढच्या जानेवारीत नवा माल दारात येणार हे ठरलेलंच. त्याआधी टाकी रिकामी हवी. २००८ साली जगभर मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. मागणी घटली तेव्हा मोठ्या कंपन्यांनी सगळ्यात आधी बाहेरची घाऊक खरेदी आवरली. २००९ मध्ये इंडाज आर्थिक गाळात रुतली. द्राक्षाचे पैसे शेतकऱ्यांना मिळेनात. पुढं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात जाऊन कंपनी गुंडाळण्यापर्यंत पोचलं. नाशिक भागात टाक्या भरलेल्या आणि वेलावर नवं पीक उभं, अशी स्थिती आली. भाव कोसळला. करार कागदावर होते, पण वायनरीनंच हात वर केल्यावर शेतकरी तो कागद घेऊन कुठं जाणार? अनेकांनी वेल उपटले, काहींनी त्याच खुंटावर पुन्हा खाण्याच्या द्राक्षाचं कलम केलं. कलम केलं तरी फळ धरेपर्यंत हंगाम वाया जातोच.

याच काळात सोलापूर जिल्ह्यात एक वेगळा प्रयोग चालू होता. माळशिरस तालुक्यात, अकलूजजवळ, 'फ्रातेल्ली' उभी राहिली. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू असा हा घाट; इटालियन भाषेत 'फ्रातेल्ली' म्हणजे भाऊच. इटलीच्या पिएरो मासी यांनी वाइनची बाजू सांभाळली. रोपं फ्रान्सहून आणली. महत्त्वाचं म्हणजे त्यांनी द्राक्ष स्वतःच्याच जमिनीत लावलं. ज्याची वेल, त्याचीच टाकी आणि त्याचीच बाटली. त्यामुळं भाव पडला म्हणून द्राक्ष कोणाच्या गळ्यात मारायचं हा प्रश्न तिथं तेवढा बिकट झाला नाही. पण हे शेकडो एकर आणि मोठं भांडवल असलेल्याला जमतं. दोन एकरवाल्यानं त्यावरून धडा घ्यायचा म्हटलं तरी घेणार कसा?

होटगीच्या पलीकडं कर्नाटकानंही २००७ मध्ये द्राक्षप्रक्रिया व वाइन धोरण आणलं. विजापूर-बागलकोटचा भाग कृष्णा खोरं म्हणून त्यात नमूद झाला. तरी तिकडचा बहुतेक शेतकरीही बेदाण्यालाच धरून राहिला. दोन राज्यं, दोन धोरणं, आणि रुळांच्या दोन्ही अंगांच्या शेतकऱ्यानं एकच हिशेब केला. त्याला मागास म्हणणारे लोक मी ऐकले आहेत. मला तो हिशेबी वाटतो.

पुढच्या घडामोडी थोडक्यात. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला. पुढं सरकार बदललं आणि निर्णय कागदावरच राहिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार लागू झाला. पाच डॉलरपेक्षा महाग बाटलीवरचं शुल्क दीडशेवरून शंभर टक्के झालं आणि ते टप्प्याटप्प्यानं आणखी उतरायचं आहे. जगात वाइन आधीच तुंबलेली. फ्रान्सनं २०२३ मध्ये जास्तीची वाइन आटवून तिचं अल्कोहोल करायला सरकारी पैसे दिले. ऑस्ट्रेलियातही तांबड्या वाइनच्या टाक्या भरल्या होत्या.

ऑक्टोबरात आपल्याकडं फळछाटणी सुरू होते. त्या वेळी नाशिकच्या वाइनवाल्या शेतकऱ्याला जानेवारीचा भाव करारातून कळलेला असतो. सोलापूरच्या बागायतदाराला तो कळत नाही. अवकाळी पाऊस झाला तर त्याचे मणी तडकतात, निर्यात जाते, कर्ज राहतं. तरीही तडकलेला घड वेचून, निवडून तो शेडवर टाकतो, आणि पंधरा-वीस दिवसांनी बेदाण्याचे बॉक्स भरून टेम्पो पंढरपूरच्या रस्त्याला लागतो.