'सर्रा' या शब्दाच्या निमित्ताने

पूर्वी हिंदुस्थानात घोड्याच्या वैद्याला 'सालोत्री' म्हणत. अश्वशास्त्राचा आद्य आचार्य मानला गेलेल्या शालिहोत्राचे नाव झिजत झिजत अखेर घोड्याची नाल आणि नस पाहणाऱ्या कारागिराला चिकटले. विद्या पोथीत राहिली आणि हातातही राहिली. परंतु दोहोंची गाठ क्वचितच पडली. १८८६ मध्ये मुंबईत परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच सुमारास कलकत्त्यात जयदत्ताचा 'अश्ववैद्यक' हा संस्कृत ग्रंथ प्रथमच छापून निघाला. जुनी विद्या अभ्यासाचा विषय झाली, ती उपचारातून बाजूला सारली जात असताना.

त्या काळी घोडा ही चैनीची वस्तू नव्हती. मुंबईची ट्राम १८७४ पासून १९०५ पर्यंत घोड्यांनीच ओढली; फौजेचे तर सारे बळ घोड्यांवर होते. त्यामुळे घोड्यांना ताप येऊन, अंगावर सूज चढून, खंगत खंगत त्यांना मारणारा 'सर्रा' हा रोग राज्यकर्त्यांच्या काळजीचा विषय झाला. १८८० मध्ये पंजाबातील डेरा इस्माइल खान येथे लष्करी पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांना आजारी घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात वळवळणारा सूक्ष्म जीव दिसला. हाच रोगाचे कारण, हे त्यांचे म्हणणे वरिष्ठांना लवकर पटले नाही. पुढे त्या जंतूला इव्हान्स यांचेच नाव मिळाले.

या कथेत महाराष्ट्र दोन वाटांनी येतो. पहिली वाट संस्थेची. १८८९ मध्ये पुण्यात शाही जंतुशास्त्र प्रयोगशाळा स्थापन झाली. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्ऱ्याचा दीर्घ अभ्यास केला. १८९३ मध्ये ती कुमाऊँमधील मुक्तेश्वरला हलली.

दुसरी वाट शब्दाची. काही इंग्रजी कोश 'सर्रा'चे मूळ मराठीत, नाकपुड्यांतून सुटणाऱ्या श्वासाच्या आवाजात शोधतात. इतर अभ्यासक ते हिंदीतील 'सडणे' या अर्थाकडे नेतात. निर्णय कोणताही लागो, नाव ठेवणारा माणूस घोड्याच्या जवळ उभा होता, एवढे निश्चित. एकाने श्वास ऐकला असेल, दुसऱ्याने खंगणारी काया पाहिली असेल. स्थानिक लोक या रोगाचा दोष चावऱ्या माश्यांना देत, ही नोंदही इव्हान्स यांच्याच काळातली. गोमाशीमुळे रोग पसरतो, हे लिओनार्ड रॉजर्स यांनी प्रयोगाने दाखवून प्रसिद्ध केले ते १९०१ मध्ये.

म्हणून सालोत्र्याला सारे ठाऊक होते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. रक्तातला जंतू सूक्ष्मदर्शकाखेरीज दिसत नाही. पण जंतूला शोधकाचे नाव मिळाले, महाविद्यालयाला इमारत मिळाली. ज्याच्या निरीक्षणातून रोगाचे नाव आले, तो मात्र अनामिक राहिला.

आज झरी जामणीसारख्या तालुक्यात पशुवैद्यापुढे घोड्यापेक्षा बैलच अधिक येतो. सर्ऱ्याचा जंतू गुरांच्या रक्तात बहुधा लक्षणे न दाखवता राहतो. तेथेही गुराख्याने सांगितलेले बारीकसारीक ऐकून घेणे हा उपचाराचाच भाग आहे. शब्दांच्या इतिहासाने शिकवावे ते एवढेच.