फिल्टर नजरेआड कसा गेला

मंडळी, आजचा विषय जरा ग्रीसने माखलेला आहे: डिझेल फिल्टर. टाकीतलं डिझेल इंजिनात जाण्याआधी ज्यातून गाळलं जातं तो डबा. आपण शहरात गाडी सर्व्हिसिंगला देतो आणि बिलावर एक ओळ वाढते, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. पण बुलढाणा जिल्ह्यात पिकअप चालवणाऱ्या माणसाला विचारा, तो अर्धा तास बोलेल.

कारण साधं आहे. मलकापूरकडून माल भरून राजूर घाट चढायला लागलं की गाडी मध्येच दम टाकते, आणि सपाटीवर आली की परत सुतासारखी सरळ. असं झालं की पहिला संशय फिल्टरवर. चढावर इंजिनाला डिझेल जास्त लागतं. अर्धवट चोक झालेल्या फिल्टरमधून सपाटीपुरतं येतं, घाटापुरतं येत नाही. इलाज एकच, नवा फिल्टर टाकायचा. पण कित्येक गाड्यांत तो अशा सांदीत बसवलेला असतो की हात पोचत नाही, आणि पोचला तर पाना फिरत नाही. मग मालक मिस्त्रीला म्हणतो, "याला जरा बाहेर आण की!"

आता प्रश्न असा, की जी वस्तू वारंवार बदलावी लागते ती आत गेली कशी? यामागे चांगला पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात जीपपासून करू. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. ती पेट्रोलवर चालायची. तेव्हाच्या इंधन पंपांना खाली काचेची वाटी असायची. कचरा आणि पाणी तिच्यात तळाशी बसायचं, आणि मुख्य म्हणजे ते दिसायचं. बॉनेट उघडलं, वाटीत बघितलं, की आत काय चाललंय ते कळलं. आपल्या भाषेत सांगायचं तर लॉग फाइल समोर उघडी!

मग डिझेल आलं. बॉशने १९२७ मध्ये डिझेल इंजेक्शन पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं आणि डिझेल इंजिन मोटारीत बसवणं सोपं झालं. १९५१ मध्ये याच बॉशची मायको कंपनी बेंगळुरूत सुरू झाली. या पंपाचं वैशिष्ट्य (आणि दुखणं) म्हणजे आतल्या दांड्यात आणि त्याच्या नळीत फट फक्त दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज करा. एवढ्या बारीक फटीत धुळीचा कण शिरला की पंप गेलाच. म्हणून ट्रक-ट्रॅक्टरवर एकाला लागून एक असे दोन फिल्टर आले, आधी जाड गाळणीचा, मग बारीक कागदाचा. दोन्ही इंजिनाच्या अंगाला, समोर. ड्रायव्हर स्वतःच खालचा बोल्ट सैल करून पाणी सोडायचा, नवा फिल्टर टाकायचा आणि हँडपंप मारून एअर काढायचा. १९८६ चा टाटा ४०७, १९८८ ची टाटामोबाईल पिकअप, महिंद्राच्या डिझेल जीपा, सगळ्या त्याच काळातल्या. इंजिन साधं, बॉनेटखाली जागा ऐसपैस.

चित्र बदललं ते कॉमन रेलमुळे. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ ही हे तंत्र असलेली पहिली कार बाजारात आली. जुनं नोझल शे-दोनशे बारला उघडायचं, इथे प्रेशर थेट १३५० बार. त्यामुळे फिल्टर आणखी बारीक झाला, त्याला पाण्याचा सेन्सर आला, काही गाड्यांत हीटरही. भारतात प्रदूषणाचे नियम कडक होत गेले: बीएस-३ देशभर २०१० मध्ये, बीएस-४ २०१७ मध्ये, बीएस-६ २०२० मध्ये. या प्रवासात टर्बो, इंटरकूलरचे पाइप, ईजीआर, वायरिंग अशी भर पडत गेली. बॉनेट मात्र तेवढंच राहिलं. जागेच्या भांडणात फिल्टर मागे सरकला, कारण कागदावर तो हजारो किलोमीटरमध्ये एकदा बदलायचा असतो. हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेत २००१ च्या ड्युरामॅक्स पिकअपवाले फिल्टर बदलायला पुढच्या चाकाच्या कमानीतून हात घालतात, आणि फिल्टर दुसरीकडे नेण्याची किट तिथे विकत मिळतात.

हलवायला हरकत नाही, पण त्यात एक मेख आहे. टाकी ते पंप हा भाग बहुतेक जुन्या गाड्यांत ओढीवर चालतो. तिथे क्लिप सैल राहिली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. खाली एक थेंब नाही आणि गाडी मात्र एअर धरते! म्हणजे जितके जोड वाढवाल तितक्या अदृश्य गळतीच्या जागा वाढल्या. शिवाय फिल्टरच्या पुढच्या नळीत कचरा राहिला तर त्याला अडवायला पुढे कोणीच नाही. आणि डबा सायलेन्सरपासून लांब हवा, हे वेगळं सांगायला नको.

असो. आता मूळ मुद्दा. फिल्टर फक्त त्यालाच अडवतो जे वेगळं राहतं: धूळ, गंज, पाणी. डिझेलमध्ये केरोसीन मिसळलं तर ते कागदातून आरामात पार होतं. केरोसीनला वंगणाचा गुण कमी, त्यामुळे पंप झिजतो, आणि दोष येतो बिचाऱ्या मिस्त्रीवर. रेशनचं केरोसीन डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त होतं, तोवर हा धंदा जोरात होता. म्हणजे ज्या वर्षांत इंधनावर नजर ठेवायची सगळ्यात जास्त गरज होती, नेमका त्याच वर्षांत फिल्टर नजरेआड जात होता.

ही भेसळ कागदाने अडत नाही, माणसाला अडवावी लागते. मलकापूरहून रेल्वेने पश्चिमेला निघालं की भुसावळ, जळगाव आणि पुढे मनमाड लागतं. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना त्या भागात टँकरमधल्या इंधनाचा गैरप्रकार दिसला. ते थांबले, त्यांनी हटकलं. त्यांना तिथेच जिवंत जाळण्यात आलं. त्याआधी २००५ मध्ये उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरीला इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी एस. मंजुनाथ यांनाही भेसळीविरुद्ध कारवाई केल्याबद्दल गोळ्या घातल्या गेल्या होत्या.

पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि २०१६ पासून रेशनच्या केरोसीनचे दर टप्प्याटप्प्याने वाढवले गेले. दरातली दरी कमी झाली तसा भेसळीतला नफाही आटला. पण त्याआधी दोन माणसं गेली.

तुमची डिझेल गाडी असेल तर पुढच्या वेळी मिस्त्रीला जुना फिल्टर फेकू देऊ नका. त्यातलं डिझेल काचेच्या बरणीत ओता आणि तासभर ठेवा. पाणी आणि गाळ तळाशी दिसेल, जीपच्या वाटीत दिसायचा तसाच. केरोसीन मात्र दिसणार नाही. त्यासाठी पंपावर डिझेलची घनता मोजून दाखवा असं म्हणायचा हक्क ग्राहकाला आहे. मागे रांग असली तरी मागा.