युरोपचे 'फुकट' तिकीट आणि पुडिंगचे बारा हजार डबे

चार माणसांचे कुटुंब क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर युरोपला जाऊन येते आणि खिशातून केवळ कर व अधिभार भरते. मग उरलेली रक्कम कोण भरते? प्रश्न साधा आहे; उत्तरासाठी मात्र अमेरिकेच्या १९७८ सालापर्यंत मागे जावे लागते. धागा लांब आहे, सवडीने वाचा.

तोवर अमेरिकेतील देशांतर्गत विमानभाडे आणि मार्ग सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड हे सरकारी मंडळ ठरवीत असे. भाडे सर्वांचे सारखेच, त्यामुळे कंपन्यांची चढाओढ चालायची ती जेवणावर, आसनांवर आणि सेविकांच्या गणवेशावर. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी विनियंत्रणाच्या कायद्यावर सही केली आणि ही व्यवस्था मोडीत निघाली. नव्या, स्वस्त कंपन्या बाजारात उतरल्या. जुन्या कंपन्यांपुढे पेच पडला : भाडे कमी केले तर नफा जातो, न केले तर प्रवासी जातो.

अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी 'अॅडव्हांटेज' योजना आणून यावर तोड काढली. कंपनीकडे 'सेबर' नावाची संगणकीय आरक्षणप्रणाली होती. वारंवार प्रवास करणारे कोण, हे तिच्या नोंदींतून हुडकता येत होते. त्यांना उडालेल्या मैलांच्या हिशेबाने पुढचा प्रवास बक्षीस मिळू लागला. आठवडा उलटण्याच्या आत युनायटेडनेही तशीच योजना जाहीर केली. कल्पना अगदीच नवी नव्हती. १८९६ पासून अमेरिकेत वाणसामानावर हिरवी तिकिटे मिळत, ती वहीत चिकटवून भांडीकुंडी घेता येत. फरक इतकाच की भांडे बनवायला पैसे लागतात. रिकामे जाणारे आसन कोणाला दिले, तर कंपनीला जवळजवळ काहीच लागत नाही.

खरे वळण १९८७ चे. सिटीबँकेने अमेरिकन एअरलाइन्ससोबत कार्ड काढले : एक डॉलर खर्च करा, एक मैल मिळवा. मैलाचा आणि उडण्याचा संबंध येथे तुटला. विमानकंपनी मैल निर्माण करते, बँक ते रोख पैशांनी विकत घेते आणि ग्राहकाला वाटते. बँकेकडे हा पैसा येतो कोठून? कार्डाने शंभराची खरेदी झाली, तर दुकानदाराच्या हाती पूर्ण शंभर पडत नाहीत. एकदोन टक्के कापले जातात आणि त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे टांकसाळ आठवल्यावाचून राहत नाही. नाणे पाडणारा एक, चालवणारा दुसरा, आणि बट्टा सोसणारा तिसराच.

आता पुडिंग. १९९९ मध्ये 'हेल्दी चॉइस' या खाद्यपदार्थांच्या कंपनीने वेष्टनावरील पट्ट्यांच्या बदल्यात विमानाचे मैल देऊ केले : दहा पट्ट्यांना पाचशे मैल, आणि लवकर पाठवल्यास हजार. कॅलिफोर्नियातील एका स्थापत्य अभियंत्याने हिशेब मांडला. सर्वांत स्वस्त वस्तू होती पंचवीस सेंटचा पुडिंगचा लहान डबा, म्हणजे अडीच डॉलरला हजार मैल! त्याने १२,१५० डबे उचलले. एवढ्या पट्ट्या मुदतीत सोलणार कोण? त्याने पुडिंग साल्व्हेशन आर्मीला दान केले आणि त्यांच्या स्वयंसेवकांकडून पट्ट्या काढून घेतल्या. वर दानाबद्दल करसवलतही मिळवली. सुमारे ३,१४० डॉलर खर्चून त्याच्या खाती साडेबारा लाख मैल जमले. चाळीस हजारांना युरोपची एक परतफेरी या तेव्हाच्या भावाने त्या एकतीस फेऱ्या होतात. पुढे २००२ च्या 'पंच-ड्रंक लव्ह' या चित्रपटात हा प्रसंग थोड्या बदलाने आला. मला या कथेत गंमत वाटते ती त्याच्या चातुर्याची नव्हे. जाहिरातदाराने स्वतःच छापलेला नियम कोणीतरी शब्दशः वाचला, एवढेच तर घडले होते.

अर्थात नियम छापणाराच ते बदलतोही. अमेरिकन एअरलाइन्सने १९८८ मध्ये आधी साठलेल्या मैलांवरही आसनसंख्येची आणि वर्ज्य तारखांची बंधने घातली. प्रवासी न्यायालयात गेले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या भंगाचा दावा चालू शकतो असे म्हटले, पण राज्याच्या ग्राहकसंरक्षण कायद्याचा आधार नाकारला. कारण? १९७८ च्या त्याच विनियंत्रण कायद्याने विमानकंपन्यांचे भाडे आणि सेवा राज्यांच्या कक्षेबाहेर ठेवल्या होत्या. पुढे डेल्टाने २०१५ मध्ये आणि युनायटेडने २०१९ मध्ये किती मैलांना कोठले तिकीट हे सांगणारे तक्तेच काढून टाकले. साठवलेल्या चलनाचा भाव कंपनीच ठरवणार, आणि तोही रोज.

सुरुवातीच्या प्रश्नाचे एक उत्तर बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये आकड्यांत मांडले. दुकानदार कार्डाचा खर्च सर्वच मालाच्या किमतीत मिळवतो, पण बक्षीस फक्त कार्डवाल्यांना मिळते. त्यांच्या अंदाजानुसार रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांकडे सरकवते, आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाच्या पदरात १,१३३ डॉलर पडतात. रोखीवाले बहुधा कमी उत्पन्नाचे. आकड्यांवर वाद झाले. प्रवाहाची दिशा मात्र मला तरी निर्विवाद वाटते.

ज्या युरोपला जाण्यासाठी ही सारी खटपट चालते, त्या युरोपीय संघाने डिसेंबर २०१५ पासून क्रेडिट कार्डावरील आंतरबँक शुल्क ०.३ टक्क्यावर बांधून टाकले. परिणामी तेथील सामान्य कार्डे पॉइंटांच्या बाबतीत कोरडीच.

या कागदी मैलांची खरी किंमत उघड झाली ती महासाथीत. जून २०२० मध्ये विमाने जमिनीवर होती, तेव्हा युनायटेडने आपली मैलयोजना गहाण ठेवून अब्जावधी डॉलरचे कर्ज उभारले. योजनेचे मूल्य सुमारे २२ अब्ज डॉलर दाखवले गेले. संपूर्ण कंपनीच्या समभागांचे तेव्हाचे बाजारमूल्य याहून कितीतरी कमी होते!

आपल्याकडे एअर इंडिया जुलै २०१४ मध्ये स्टार अलायन्समध्ये आली आणि तिचे मैल लुफ्तान्सासारख्या कंपन्यांच्या विमानांतही चालू लागले. आज मुंबई-पुण्यातली अनेक घरे कार्डाचे पॉइंट याच वाटेने वळवून मे महिन्याच्या सुट्टीसाठी एका विमानात चार जागा शोधत असतात. आणि त्याच शहरांतल्या दुकानांत जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क लागत नाही, कार्डावर लागते. मालावरची किंमत मात्र दोन्ही गिऱ्हाइकांना एकच असते.